जमिनीला काय त्रास आहे?

ब्रायर टाउनशिपच्या बांधकाम-नियमांच्या अपील मंडळात पाच माणसं होती, आणि पाचांची मिळून एक धड अक्कल निघणार नाही, याबद्दल डोरीन हॅलोरनच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यातल्या तिघांना ती त्यांच्या शाळेपासून ओळखत होती. उरलेल्या दोघांना ओळखायची तिला गरज वाटली नव्हती.

तिला हवं होतं सहा फुटी कुंपण. नियम चार फुटांचा. चार फुटी कुंपण तिच्याकडे होतंच, आणि तिचा नवरा एल्डन, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, ते ओलांडून जात असे. पोटच्या मुलीचं नाव विसरलेला माणूस, पण टांग टाकायला विसरला नव्हता. मार्चमध्ये तो हायवेवरच्या पेट्रोल पंपावर सापडला. तिथली पाटी नियमापेक्षा दीड फूट उंच आहे, असं तो पंपवाल्याला सुनावत होता. ती होतीही. मेमध्ये तो हायवेच्या मधोमध सापडला, आणि दुधाच्या टँकरने वेळेवर ब्रेक मारला म्हणून अख्खा सापडला. त्यानंतर मुलगी कोलंबसहून आली आणि म्हणाली, आई, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत बंदोबस्त कर, नाहीतर बाबांना मी दाराला कुलूप असणाऱ्या वृद्धाश्रमात ठेवते. आश्रमाचं रंगीत माहितीपत्रकही तिने आणलं होतं. त्यावरचे सगळे म्हातारे हातात फुगा धरून हसत होते. डोरीनने ते मांजराच्या वाडग्याखाली अंथरलं.

आता आपल्याच परसात कुंपण घालायला परवानगी कशाला, असं कुणीही म्हणेल. पण कायद्याने डोरीनला परस नव्हतंच. घर कोपऱ्यावर, दोन बाजूंना दोन रस्ते. आणि जिथे रस्ता तिथे घराचं पुढचं अंगण, असा नियम. म्हणजे चाळीस वर्षं ती ज्या जागेत चादरी वाळत घालत होती ते घराचं दर्शनी अंगण होतं, आणि दर्शनी अंगणात चार फुटांवर एक इंचही चालत नाही. हा नियम बावीस वर्षं मंडळाचा अध्यक्ष असलेल्या एका गृहस्थाने स्वतःच्या हाताने लिहिला होता. त्या गृहस्थांना डोरीन रोज मोजे चढवून देत असे.

तेव्हा नियमातून सूट हवी, तर अर्ज हवा. अर्जासोबत नकाशा हवा. आणि दोनशे फुटांच्या आत ज्याची ज्याची जमीन आहे त्याला रजिस्टर पत्र हवं. दोनशे फुटांत चर्चचं कब्रस्तान येत होतं, त्यालाही पत्र गेलं. डोरीनची स्वतःची जमीनही दोनशे फुटांतच होती, त्यामुळे एक पत्र तिने तिलाच पाठवलं आणि पोस्टमनसमोर सही करून घेतलं. वाचूनही पाहिलं. तिची काही हरकत नव्हती.

सुनावणी ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी, अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सात वाजता. एल्डनला घरी एकटं ठेवण्याची सोय नव्हती, म्हणून डोरीन त्याला म्हणाली, चल, सुनावणी आहे. हा शब्द ऐकताच तो उठला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने टाय बांधून बाहेर आला. गाठ अगदी सरळ होती. डोरीनच्या आत कुठेतरी काहीतरी हललं, पण ते तिने दाबलं; हलायला वेळ नव्हता.

अध्यक्ष ग्लेन स्ट्रिकलर. पेशाने दातांचा डॉक्टर, आणि समोरचा माणूस आ करून पडला आहे असं समजूनच तो सगळ्यांशी बोलायचा. आधी त्याने समोरच्या घरातल्या पॅम ड्युसेटला बोलू दिलं. पॅमने तीन कागद लिहून आणले होते. सहा फुटी कुंपणाने वस्तीची शोभा जाईल, तिच्या खिडकीतून दिसणारं दृश्य जाईल, आणि असल्या कुंपणाआड माणसं काय काय करतात ते तिने शिकागोला पाहिलं आहे. दृश्य म्हणजे डोरीनच्या चादरी, हे तिने सांगितलं नाही.

मग ग्लेनने डोरीनला कायद्याची कसोटी समजावली. सूट मिळते ती जमिनीच्या अडचणीपायी, मालकाच्या नाही. जमीन उताराची असेल, खडकाळ असेल, पाणथळ असेल, तर मंडळ विचार करतं.

"तेव्हा डोरीन, तुम्ही मला एवढंच सांगा," तो म्हणाला, "जमिनीला काय त्रास आहे?"

"जमिनीला काही त्रास नाही. जमीन मजेत आहे."

"मग कठीण आहे."

डोरीनने त्याला टँकरचं सांगितलं. ग्लेनने मान हलवली, खूप वाईट वाटलं म्हणाला. बाकीच्या चौघांनाही वाटलं, आळीपाळीने. सगळ्यांचं वाईट वाटून संपल्यावर दुसऱ्या एका सदस्याने विचारलं, की नवरा पळतो तो जमिनीच्या आकारामुळे पळतो असं काही दाखवता येईल का. डोरीनने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पाण्याचा पेला शोधू लागला.

आणि तेव्हा एल्डन उभा राहिला. कोटाचं बटण लावलं, पुढे गेला, आणि टेबलामागे अध्यक्षाच्या खुर्चीपाशी येऊन थांबला. ग्लेन जुन्या सवयीने खुर्चीतून उठला. उठल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण तोवर खुर्चीत एल्डन बसला होता.

"अर्जदार बाईंचं नाव?" एल्डनने विचारलं.

त्याला हाताला धरून उठवावं एवढं धैर्य पाचांपैकी एकातही नव्हतं. डोरीनला ते काही नवं नव्हतं.

"डोरीन हॅलोरन," ती म्हणाली.

"पत्ता?"

तिने सांगितला.

"ओळखीचा वाटतो. अडचण कुणाला आहे?"

"माझ्या नवऱ्याला. तो पळून जातो."

"मग बाई, नवऱ्याशी बोला. मंडळ कुणाच्या संसारात पडत नाही." एल्डनने टेबलावरची नियमांची वही न उघडताच बाजूला सरकवली. "तुमच्यासारखे लोक मी बावीस वर्षं पाहतोय. नियम वाचायचा नाही, आणि रडत यायचं. पुढच्या अंगणात चार फूट, कलम अकरा. सहा फूट फक्त एकाच ठिकाणी, उपकलम चार. दोन फुटांहून खोल पाणी मावेल असा पोहण्याचा हौद असेल तर. मग अंगण पुढचं असो की मागचं, सहा फूट सक्तीचं, आणि अर्जसुद्धा लागत नाही. तुमच्याकडे हौद आहे?"

"नाही," डोरीन म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता.

"मग आमचा वेळ कशाला घेता? अर्ज फेटाळावा, असा मी ठराव मांडतो."

"अनुमोदन," मंडळातला बॉइड क्रेन म्हणाला. बॉइडने आयुष्यात एल्डनच्या ठरावांना अनुमोदन देण्यापलीकडे काही केलं नव्हतं. तोंड आपोआप उघडलं. मत मागितलं गेलं तेही आपोआप, आणि हात वर झाले. कारकून बाईंनी मोजून लिहिलं : अर्जाविरुद्ध सहा. मंडळात माणसं पाच. यावर वीस मिनिटं चर्चा झाली. शेवटी असं ठरलं, की एक मत कमी केलं तरी निकाल तोच राहतो, तेव्हा साहेबांचं मन कशाला मोडा.

परतताना गाडीत एल्डन खुशीत होता. ती बाई बेअक्कल होती, पण नीटनेटकी होती, असं तो म्हणाला. डोरीन म्हणाली, हो रे, तिचा नवरा कसा असेल कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकानातून प्लास्टिकचा एक गोल हौद आणला. हंगाम संपला होता, त्यामुळे त्यावर काढलेल्या बदकांचा रंग उडाला होता. खोली तीस इंच. तिने तो चादरींच्या दोरीखाली मांडला आणि कोरडाच ठेवला. उपकलमात पाणी मावेल असं म्हटलं होतं, पाणी असेल असं नाही. ते लिहिणारा माणूस शब्द वाया घालवणाऱ्यातला नव्हता.

मग ती खिडकीत कॉफी घेऊन बसली आणि तिने पॅमवर भरवसा ठेवला. माणसाच्या चांगुलपणावर डोरीनचा फारसा विश्वास नव्हता, पण पॅमच्या वाईटपणावर पूर्ण होता. पॅमने दुपारच्या आत तक्रार केली. उघडा हौद, कुंपण चारच फुटांचं, गल्लीतल्या लेकरांच्या जिवाला धोका. गल्लीतलं सगळ्यात लहान लेकरू एकसष्ट वर्षांचं होतं.

आठवड्याभरात टाउनशिपची नोटीस आली. खाली ग्लेन स्ट्रिकलरचीच सही. सदर मालकाने तीस दिवसांत सहा फूट उंचीचं, कुठूनही पाय ठेवता येणार नाही असं, आपोआप मिटणाऱ्या फाटकाचं कुंपण न घातल्यास दररोज दंड होईल. भाषा मोठी कडक होती. डोरीनने ती मुलीला फोनवर मोठ्याने वाचून दाखवली. मुलगी म्हणाली, आई, हे तर भयंकर आहे. डोरीन म्हणाली, काय करणार बाई, कायद्यापुढे कुणाचं चालतं.

कुंपण ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीनच्या आधीच उभं राहिलं. पॅमला आता तिच्या खिडकीतून देवदाराच्या फळ्या दिसत होत्या, आणि त्या आपणच लावून घेतल्या हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. डोरीन नाताळच्या कार्डात सांगणार होती. मुलगी येऊन कुंपण पाहून गेली, एकदा फाटक हलवून पाहिलं, आणि आश्रमाचा विषय पुन्हा निघाला नाही.

एल्डन मात्र दर सकाळी कोट चढवून बाहेर पडतो. ओलांडायला नाही, नियमात बसणारं कुंपण ओलांडणाऱ्या माणसाबद्दल त्याचं मत फार वाईट आहे. तो एकेका फळीपाशी थांबतो, खांबांमधलं अंतर पावलांनी मोजतो, फाटक मिटतं की नाही हे पाहतो, आणि ज्या कुणी हे बांधलं त्याची एखादी तरी चूक सापडावी म्हणून तासभर फिरतो. चूक सापडत नाही. मग तो कपाळाला आठ्या घालून, पुटपुटत, मागच्या दाराने आत येतो आणि स्वयंपाकघरातल्या बाईला सांगतो, की हल्ली लोक फारच चलाख झालेत.

"झालेत खरे," ती म्हणते, आणि त्याच्यापुढे ऑम्लेट ठेवते.