सोनं विकणाऱ्यांवर गाऱ्हाणं

माझा भाऊ सुशांत मुंबईत असतो. बाबांनी त्याला न विचारता होडी विकली, तेव्हापासून तो घरचा फोन उचलत नाही. माझ्याशी बोलतो ते फक्त मोबाईलवरच्या लढाईच्या गेममध्ये, रोज संध्याकाळी, तिथल्या सगळ्यांना खुल्या चॅटवर. घराचं नाव काढलंस तर निघून जाईन, ही त्याची अट. म्हटलं, चालेल बाबा, तेवढं तरी असू दे.

तर तिथे कडमडले हे मेले सोनंवाले! "गेममधलं सोनं स्वस्तात! पटकन दाबा!" एकच ओळ, मिनिटाला वीस वेळा. एकाला ब्लॉक केलं की दुसऱ्या नावाने हजर. मी "जेवलंस रे?" विचारावं आणि ते वर सरकून नाहीसं व्हावं. तक्रारी करून बोटं झिजली. परवा सुशांतने लिहिलं, "सारिका, माका कंटाळो इलो. उद्या राती ह्यो गेम काढून टाकतंय."

माझं टाळकंच सरकलं. एवढा एक धागा, तो या भामट्यांपायी तुटू देऊ? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही!

आमच्या तोंडवली गावातले आम्ही अकरा जण हा गेम खेळतो. दुसऱ्याच दिवशी बाकी दहा जणांना फोन केला: संध्याकाळी सात वाजता हजर राहा, मी गाऱ्हाणं लिहीन, तुम्ही होकार भरा, देवळात भरता तसा. मग बाबांसमोर बसले. देवापुढे गावचं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा.

"बाबा, तुमी घाला, मी लिवतंय."

"फोनार? येड लागला काय गो तुका?"

"सुशांत आसा थंय."

बाबा उठले. मग टोपी घातली, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! जे कोण सोन्याची भूल घालून पोरांच्या बोलण्यात आडवे येतत, तेंका वाटेक लाव रे म्हाराजा!"

मी लिहिलं. खाली धडाधड दहा ओळी: "व्हय म्हाराजा!" सोनंवाला वर गेला. पुन्हा आला, पुन्हा वर घालवला. सुशांत मात्र गप्पच.

बाबांनी जोडलेले हात सोडले नाहीत. "आणि बापाशीन झिलाक इचारल्याशिवाय होडी इकली, ती चूक पदरात घे रे म्हाराजा!"

माझं बोट थांबलं. हे वाचून तो गेला तर?

"लिव गो," बाबा म्हणाले.

लिहिलं. दहा होकार आले. मी त्यांत सुशांतचं नाव शोधत राहिले. सोनंवाल्याची एक ओळ आली, आणि तिच्याखाली सुशांतची.

"व्हय म्हाराजा. गणेशचवथीक घराक येतंय."

बाबांना चष्म्याशिवाय दिसत नाही. मी मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.