हरिहर वकिलांची उलटी मोटार

अमरावतीचे हरिहर वकील आयुष्यात एकदाच होडीत बसले होते. तिचं सुकाणू मागे होतं; तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं की वळवायचं ते मागून. मोटारीची वळणारी चाकं पुढे का, असं ते कोर्टात ज्याला त्याला विचारत. कोणी नीट उत्तर दिलं नाही. मग छत्तीस साली अकोल्याला मोटारींची शर्यत ठरली, तेव्हा त्यांनी आपली जुनी मोटार उलटी करून घेतली. बैठक फिरवली, स्टिअरिंगचं चक्र फिरवलं, गिअर उलटे चालतील असं केलं. आता इंजिन मागे, वळणारी चाकंही मागे.

गाडी हळू छान चालायची. वेग घेतला की शेपूट हलवायची. पुढे वजन हवं, असं वकिलांनी ठरवलं आणि चांदूर बाजारच्या शालिकरामला बोलावलं. शालिकराम भाजीपाला पिकवायचा. त्याच्या विहिरीचा खटला वकिलांनी जिंकून दिला होता, तेव्हापासून दोघांचं जमलं होतं. अंगाने तो भरभक्कम होता.

"मले काय करा लागते?" त्याने विचारलं.

"बसायचं. माझ्या पुढे."

"बसतो ना."

अकोल्याला पंच होते कापसाच्या जिनिंगचे मालक खुशालराव. ते गाडीभोवती फिरले. "जे गाडी तोंडाकडून रेघ ओलांडन तेच धरू. हिचं तोंड कोनतं?"

"शालिकराम बसलाय ते," वकील म्हणाले.

मूर्तिजापूरच्या रस्त्याने जायचं, कडुलिंबाच्या झाडाला वळसा घालून परत यायचं, अशी शर्यत होती. चार गाड्या सुटल्या. वकील शेवटी होते. पण लिंबापाशी बाकीचे तिघे रस्ता सोडून तुरीत शिरले, मागे-पुढे करू लागले, आणि उलटी गाडी जागच्या जागी गर्रकन फिरून सगळ्यांच्या पुढे निघाली. वकिलांना इतका आनंद झाला की त्यांनी वेग वाढवला. शेपूट हलू लागली. रेघ अगदी जवळ आली तेव्हा गाडी अर्धी गिरकी घेऊन इंजिनाकडून घसरत रेघेपार जाऊन बाभळीला टेकली.

"पहिली आली, पन तोंडाकडून नाही," खुशालराव म्हणाले.

"इंजिन असतं तेच तोंड. कोणत्याही कारखान्याला विचारा."

"सकाळी तुमी दुसरं सांगतलं."

"सकाळी ती तशी चालत होती."

वाद बराच चालला. शेवटी वकिलांनीच साक्षीदार पुढे केला. खुशालरावांनी शालिकरामला विचारलं, "रेघ आली तवा तू कुठी होता?"

शालिकरामने वकिलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "सकायपासून समोर होतो. रेघीपाशी मांगं झालो."

बक्षीस दुसऱ्याला गेलं. गाडीच्या चाकांचा दांडा वाकला होता, म्हणून ती अकोल्यालाच ठेवून दोघे रेल्वेत बसले. वकील खिडकीबाहेर पाहत होते. त्यांना राग आला होता, पण शालिकराम खोटं बोलला नव्हता, त्यामुळे राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं. बडनेऱ्याला गाडी बदलायला उतरले तेव्हा त्यांनी विचारलं, "भीती वाटली का रे?"

"वाटली ना. डोये मिटून बसलो होतो."

"सगळा वेळ?"

"नाही. लिंबापाशी उघडले. आपली मोटार लय झ्याक वयली, वकीलसाहेब. ते तिघं तुरीतून पाहून राहिले होते."

"पाहत होते ना?" वकील म्हणाले, आणि अमरावतीची गाडी लागेपर्यंत त्यांनी ते त्याच्याकडून पुन्हा सांगून घेतलं.