चौदावा प्रश्न

“तुमच्या घरात दुसऱ्या जातीचे किंवा धर्माचे भाडेकरू राहायला आले, तर तुम्हाला चालेल का?”

हा प्रश्न स्वतःच्या बाबांना विचारून दाखव, अशी पैज रितिकाने सोनिकाशी लावली होती. “बाकीचे तेरा तं कोणीबी विचारते वं. रस्ते कसे आहेत, नळ येते का, सरकार बरं का बेकार. हा चौदावा विचारून दाखव तुह्या बाबाले, तं मानलं!”

आणि मित्रांनो, सोनिकाने तो विचारला. माझ्याकडे बघून, मोठ्याने वाचून विचारला. म्हणून तर मला आज तोंड लपवावंसं वाटतं आहे. पण मला तोंड म्हणजे एक काचच आहे, ती कुठे लपवणार?

मी एक जुना टॅब आहे. पाटीएवढा, काळा, उजव्या कोपऱ्यात तडकलेला. माझ्या पाठीवर एका संस्थेचा स्टिकर आहे, तोही अर्धा खरवडलेला. माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मी पहिल्यांदा उजळलो तेव्हा नागपुरात होतो आणि माझ्या पोटात प्रश्न भरणं चाललं होतं. ती संस्था लोकांची मतं गोळा करायची. निवडणूक जवळ आली की जास्तच, पण एरवीसुद्धा. महागाईबद्दल काय वाटतं, मुलींनी किती शिकावं, पुढाऱ्यांवर भरवसा आहे का, असं सगळं. मला शोभाताईंच्या हाती देण्यात आलं.

शोभाताई म्हणजे सोनिकाची आई. आम्ही दोघांनी अख्खा जिल्हा पालथा घातला. मे महिन्याच्या उन्हात त्या चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळायच्या आणि मला पिशवीत ओल्या रुमालाशेजारी ठेवायच्या, कारण नागपूरच्या उन्हात मी तापून बंद पडायचो. कामठीला पॉवरलूमच्या खडखडाटात प्रश्न ओरडून विचारावे लागत. हिंगण्याला कारखान्यातली पाळी संपवून आलेली माणसं दाराला टेकून डुलक्या घेत उत्तरं देत. मी सगळं जपून ठेवायचो. प्रत्येक मुलाखत संपली की माझ्या काचेवर हिरव्या अक्षरांत उमटायचं, “धन्यवाद! तुमचे मत मोलाचे आहे.”

आमच्या कामाचा एक नियम होता, तो तुम्हाला सांगायलाच हवा. दार उघडेल त्याला प्रश्न विचारायचे नाहीत. तसं केलं तर देशाचं मत म्हणजे दार उघडणाऱ्या पुरुषांचंच मत होऊन बसेल! म्हणून घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे होऊन गेला असेल, त्यालाच विचारायचं. नियम छान होता, पण तो करणाऱ्याला आपल्याकडची गंमत माहीत नव्हती. आपल्याकडच्या जुन्या माणसांची जन्मतारीख कोणी लिहून ठेवली होती? शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना एक जुलै ठोकून दिली. त्यामुळे जुलै महिन्यात मी ज्या घरी जाईन तिथे आजोबाच निवडले जायचे. ऑफिसातले साहेब कपाळाला हात लावायचे, “नागपुरात तरुण माणसं राहतच नाहीत का?”

इतर महिन्यांत मात्र कधी सून निवडली जायची, कधी आई. आणि लगेच घरातला कोणीतरी पुढे व्हायचा, “तिले काय समजते? मी सांगतो, लिहा.” तेव्हा शोभाताई मान वर करून अगदी शांतपणे म्हणायच्या, “भाऊ, तुम्ही मधात बोलू नका. त्यांना बोलू द्या.” कामठीच्या प्रयागबाई तर हे ऐकून चकितच झाल्या होत्या. “माह्यं मत? मले तं आजवर कोणी विचारलंच नाही बाप्पा!” असं म्हणून त्यांनी पदर नीट केला आणि फोटो काढायला बसल्यासारख्या ताठ बसल्या. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

मग नवे, पातळ टॅब आले. माझ्यातली सगळी उत्तरं पुसून मला कोरं करण्यात आलं आणि शोभाताईंना देऊन टाकण्यात आलं. मी कपाटात पडून राहिलो. माझ्याजवळ उरली ती फक्त नवीन लोकांना शिकवायची सरावाची प्रश्नावली. चौदा प्रश्नांची. कोणी विचारत नव्हतं, की मला कोणी पुसतही नव्हतं.

मला बाहेर काढलं सोनिकाने. ही मुलगी गेल्या वर्षापर्यंत मागच्या बाकावर बसायची. यंदा मात्र तिने प्रार्थनेच्या वेळी, हातात कागद न घेता, साऱ्या शाळेसमोर भाषण ठोकलं आणि त्या दिवसापासून तिचं तोंड काही मिटलेलं नाही! नववीच्या हर्षा मॅडमनी मतचाचणीचा प्रकल्प दिला, तेव्हा वर्गात सगळ्यांत आधी हात हिचाच वर गेला. “मॅडम, आमच्या घरी मशीन आहे!” मशीन म्हणजे मी. मी तर आनंदाने आधी चार्जच होईना.

गटात तिघी होत्या. सोनिका, रितिका आणि दीक्षा. दीक्षाचं घर बौद्ध. तिच्या पणजोबांनी छप्पन साली इथेच नागपुरात दीक्षा घेतली आणि तिचं नाव त्यावरूनच ठेवलं, हे ती कोणालाही मान ताठ करून सांगते. तिघी डबा एकत्र खातात आणि भांडतातही एकत्रच.

तर त्या दुपारी तिघी सोनिकाच्या घरी आल्या. सोनिकाचे बाबा, म्हणजे जितेंद्रभाऊ, यांचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. ते लवकर घरी आले होते आणि सोफ्यावर मोबाइल पाहत बसले होते. बाजूच्या खुर्चीवर दादाजी, म्हणजे सोनिकाचे आजोबा.

“कोणाचा वाढदिवस आताच झाला?” सोनिकाने नियमाप्रमाणे विचारलं.

“दादाजीचा! एक जुलै!” रितिका ओरडली.

“माह्या आजोबाचाबी एक जुलैच आहे,” दीक्षा म्हणाली. “सगळे जुळे भाऊ होय वाटते.”

दादाजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग ते सावरून बसले. तेरा प्रश्नांची उत्तरं त्यांनी झकास दिली. सरकारवर तर इतकं बोलले की रितिकाने जांभई दिली. मग आला चौदावा. पैज बाबांना विचारायची होती आणि नियमाने दादाजींना विचारायचं होतं. सोनिकाने माझ्याकडे बघून प्रश्न वाचला आणि मग दोघांकडे पाहिलं.

“भाडेकरू?” दादाजी विचारात पडले. “आता आपण तं वरच्या खोलीत, आपल्या इकडचे नसले तं...”

“बाबा, थांबा नं तुम्ही!” जितेंद्रभाऊंनी मोबाइल बाजूला ठेवला. “त्याहिले काय समजते? मी सांगतो, लिही. चालेल! काहून नाही चालणार? आजच्या जमान्यात कोण पाहते हे? आपल्या घरी आपण काहीच मानत नाही बाप्पा. आता ही दीक्षाच पाहा. येते, बसते, खाते. आपण कधी काही म्हणलं?”

दीक्षाच्या हातात चिवड्याची बशी होती. तिने बशीकडे एकदा पाहिलं आणि ती हळूच खाली ठेवली.

शोभाताई चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी वाट पाहत होतो. आता त्या म्हणतील, तुम्ही मधात बोलू नका. त्यांचं ते वाक्य मी किती उंबरठ्यांवर ऐकलं होतं! पण त्यांनी कप मांडले.

सोनिकाला यातलं काहीच दिसलं नाही. ती पैज जिंकली होती! तिने टिचकीसरशी “चालेल” दाबलं आणि मी, मित्रांनो, सवयीने हिरवा झालो. “धन्यवाद! तुमचे मत मोलाचे आहे.” खरं म्हणजे निवड झालेल्या माणसाचं बोलणं अर्ध्यातच तुटलं होतं आणि मी दुसऱ्याच माणसाला धन्यवाद देत होतो.

“पाह्यलं का, माझे बाबा कसे आहेत!” सोनिका रितिकाला म्हणाली आणि मग तिला एकदम सुचलं. “दीक्षा, तुझी प्रेमिलामावशी खोली पाहून राहिली नं? आमची वरची रिकामीच आहे! गेटवर बोर्ड लागला आहे नं. हो नं बाबा?”

जितेंद्रभाऊ चहाकडे बघत म्हणाले, “हो... पाहू नं.”

प्रेमिलामावशी नर्स आहेत. कामठीहून रोज ऑटो आणि बस बदलत दवाखान्यात येतात. रविवारी त्या दीक्षाला घेऊन आल्या. सोबत संत्रा बर्फीचा डबा आणला होता. सोनिका जिन्याची किल्ली हातात घेऊन तयारच होती.

“बसा, बसा ताई,” जितेंद्रभाऊंचा आवाज फारच गोड झाला होता. “पण काय झालं, कालच खोली लागली हो. माझ्या साळ्याचा मुलगा येऊन राहिला. अंकित. हिंगण्याले कंपनीत लागला. घरचंच लेकरू, नाही कसं म्हणणार?”

शोभाताईंना एकच भाऊ आहे, आणि त्या भावाला दोन मुलीच आहेत. धाकटी अजून बालवाडीत जाते.

“अंकि...” सोनिका बोलायला गेली. तिने आईकडे पाहिलं. आई फरशीकडे पाहत होती. एरवी न मिटणारं ते तोंड त्या दिवशी मिटलं. किल्ली तिने मुठीत लपवली.

“नाही नाही, बरोबर आहे,” प्रेमिलामावशी हसून म्हणाल्या. असं हसायची त्यांना सवय असावी. जितेंद्रभाऊ बर्फीचा डबा परत द्यायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, “राहू द्या हो. लेकरांसाठी आहे.”

खिडकीतून मला गेट दिसत होतं. दीक्षा गेटपाशी थांबली. तिथे बोर्ड लटकत होता, “खोली भाड्याने देणे आहे.” ती तो वाचत राहिली. मावशींनी तिचा हात धरला. “चल वं, ऑटो निघून जाईल.”

दुसऱ्या दिवशी शाळेत प्रकल्पाची बेरीज करायची होती, आणि मंगळवारी ती वर्गासमोर वाचायची होती. मी बाकावर होतो. दीक्षाने मला जवळ ओढलं आणि एकेका घराची उत्तरं वाचू लागली. “सोनिकाचं घर. प्रश्न चौदावा. चालेल.” तिने वहीत “हो” च्या बाजूला एक रेघ ओढली. मान वर केली नाही. रितिकाने सांगितलेला विनोद तिने ऐकला, हसलीही. डबा मात्र तिने त्या दिवशी खिडकीजवळ बसून खाल्ला, “तिकडं हवा येते” म्हणून.

सोनिका रडली नाही. तिचे कान लाल झाले होते आणि ते दिवसभर लालच राहिले.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी विनंती करायची असते. शेवटी मला बोलायला मिळेल असं वाटत नाही, म्हणून आत्ताच करतो. माझ्या तडकलेल्या काचेची काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. ती तशीच चालते. काळजी घ्या ती उत्तराची. कोणी तुम्हाला मत विचारलं, तर चांगलं दिसेल ते सांगू नका, असेल ते सांगा. खोट्या “हो” ची बेरीज केली की साऱ्या देशाला वाटतं, आपलं सगळं छान चाललं आहे. आणि एक मुलगी खिडकीजवळ बसून डबा खात असते.

त्या संध्याकाळी सोनिकाने जेवणाची ताटं मांडली. घरात माणसं चार. ताटं पाच.

“हे कोणाचं वं?” दादाजींनी विचारलं.

“अंकितदादाचं. वरच्या खोलीत आला आहे नं तो.”

“कोण अंकित?”

“मामाचा मुलगा.”

“मामाले मुलगा झाला?” दादाजींचा चेहरा फुलला. “मले कोणी सांगतलंच नाही! पेढे कुठं आहेत?”

“पेढे नाहीत. बर्फी आहे.” सोनिकाने न उघडलेला डबा आणला आणि पाचव्या ताटात ठेवला.

कोणीच जेवायला सुरुवात करेना. जितेंद्रभाऊंचा घास हातातच होता. “भैताडावानी येडेपणा करू नको सोनू,” ते म्हणाले. “लहान आहे तू. आपल्याले या गल्लीत राहा लागते. लोकं काय म्हणतील, हे पाहा लागते. तुले काय समजते...”

“तुम्ही मधात बोलू नका.”

शोभाताई तव्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि मागे वळल्या. त्यांचा चेहरा पडलेला होता, आवाज मात्र उंबरठ्यांवरचाच होता, शांत. “तिले बोलू द्या.”

हे वाक्य मी या घरात पहिल्यांदाच ऐकलं.

सोनिकाने मला छातीशी धरलं. माझी काच तिच्या श्वासाने धुरकट झाली.  

“आई, बाबा,” ती म्हणाली, “बोर्ड अजून गेटवरच आहे. उद्या सकाळपर्यंत रविवारचं उत्तर बदलायचं असंल तं बदला, मी स्वतः दीक्षाच्या घरी किल्ली घेऊन जाईन. नाही तं मी ठरवलं आहे. उद्या वर्गात सगळ्यांसमोर उभी राहून, दीक्षाकडे पाहून, मी खरं तेच वाचणार आहे. सोनिकाचं घर. प्रश्न चौदावा. चालणार नाही.”