भांगाची भरती

मुंबईच्या कचेरीत रावजी ऐटीत सांगायचा, "माझे वडील मोऱ्याला बंदरावर असतात." यात खोटं काहीच नव्हतं. ओहोटीला लाँच धक्क्यापासून लांब थांबली की बाबाजी गुडघाभर चिखलात उतरत, उतारूंना पाठीवर घेत आणि कोरड्या पायांनी धक्क्यावर सोडत. कचेरीतल्यांनी मात्र बंदरावर म्हणजे टोपीवाला अधिकारी, असं धरलं. रावजीने त्यांना धरू दिलं. फुकट मिळालेला मान कोण परत करतो?

पण मानामागून पाहुणे आलेच. कचेरीतला प्रधान आणि आणखी दोघे हात धुऊन मागे लागले, तुझी खाडी दाखव. द्रोणागिरीवरचं पोर्तुगिजांचं पडकं चर्च, खाडीत पोहणं, झाडाखाली जेवण, सगळं यानेच रंगवून सांगितलेलं. आता नाही म्हणायचं कुठल्या तोंडाने?

रावजीने डोकं चालवलं. भरतीला लाँच थेट धक्क्याला लागते, मग पाठीवाल्यांना काम नसतं आणि बाबाजी घरी जाळं सांधत बसतात. भरतीला उतरायचं, टेकडी चढायची, खाडीच्या पलीकडच्या अंगाला पोहायचं आणि संध्याकाळी पाणी चढताना परत. खाडीकाठच्या माणसाला त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दशमीचा रविवार त्याने धरला, कारण सकाळची लाँच नेमकी भरतीला पोचत होती. स्वारी स्वतःवर बेहद्द खूश झाली.

त्या रविवारी मोरा समोर दिसू लागला आणि लाँच मध्येच थांबली. धक्क्यापर्यंत नुसता काळा चिखल. रावजीला आत्ता आठवलं. भांग! अष्टमी-दशमीच्या सुमाराला भांगाचे दिवस. भरती येते, पण अर्ध्यावरच दमते. धक्क्याला पाणी लागतच नाही. मोऱ्याच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. शहाण्याने वेळ काढली आणि पाणी विसरला.

पाठीवाले आले. पुढे बाबाजीच होते, लंगोटी लावलेले, डोक्याला फडकं. लेकाला बघून म्हाताऱ्याचा चेहरा उजळला, हाक ओठावर आली. रावजीने मान फिरवली.

बाबाजींनी एकदा प्रधानाकडे पाहिलं, एकदा लेकाच्या पॉलिश केलेल्या बुटांकडे. मग लेकापुढे पाठ वाकवून म्हणाले, "बसा, साहेब. गल्याला घट धरा."

याच पाठीवर बसून रावजी लहानपणी जत्रेला गेला होता. आता ती हाडकली होती, त्याच्या छातीला टोचत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तरी सांगावं, असं वाटलं, तोवर शेजारून, दुसऱ्या पाठीवाल्याच्या, अंबाजीच्या पाठीवरून, प्रधानाने विचारलं, "काय रे, तुझे वडील दिसत नाहीत कुठे? भेटायचंय त्यांना."

"ते आज रजेवर आहेत," रावजी म्हणाला.

बोलताना त्याचं तोंड बापाच्या कानाशीच होतं. बाबाजींचं पाऊल चिखलात जरा थांबलं, मग चालू लागलं. "जपून उतरा, साहेब," धक्क्यावर ते एवढंच म्हणाले.

पाहुणे चर्च पाहून आले, मनसोक्त डुंबले, चापून जेवले. रावजीने पान अर्धवट ठेवलं. परत निघताना त्याने मनाशी ठरवलं की, लाँचवर चढायच्या आधी सांगून टाकायचं, हे माझे वडील. मग कचेरीने काय हसायचं ते हसो. ते एवढंसं वाक्य घोळवत तो धक्क्यावर आला.

पाठीवाले खाली चिखलात उभे होते. बाबाजी त्यांच्यात नव्हते. ते धक्क्याच्या टोकाला बसले होते. अंगात सणाचा पांढरा सदरा, केस नीट विंचरलेले, तोंड खाडीकडे.

"सकाळचा तो म्हातारा कुठे गेला?" प्रधानाने विचारलं.

"बाबाजी व्हय?" अंबाजी म्हणाला. "तो आज उतरत न्हाय. म्हनतो, मी रजेवर हाय."

"वा! यांनाही रजा असते का?" प्रधान हसला, आणि बाकीचे दोघेही हसले.

रावजीला ते वाक्य सापडेना. अंबाजी त्याच्यापुढे वाकला आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "बस, रावजी."

रावजी बसला.