अल्पशा आजाराने

फुलपाड्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात रविवारी कोलंबीचं कालवण व्हायचं आणि कौस्तुभ पातेलं पुसून खायचा. त्या रविवारी त्याने ताटाला हातही लावला नाही. सातिवलीच्या गोदामात त्याला पाळीवर पाळी करावी लागे. जागं राहायला म्हणून कुणीतरी एमडीची पुडी दिली होती. रसायनांतून बनवलेली ती पावडर आधी तरतरी देते, मग झोप उडवते, भूक मारते, दात खायला लावते, मनात नाही नाही ते संशय भरते आणि काळजाचे ठोके सैरभैर करते. आता पुडीशिवाय त्याचा दिवस उजाडत नव्हता.

"आई, मला दवाखान्यात ने ना," तो दात खात म्हणाला. "माझ्याने नाही सुटत हे."

सुनंदाबाई उठल्याही, पण त्याचे वडील सदानंद आडवे आले. "दवाखान्यात नेलं की पोलीस केस. पोरीचा, स्वप्नाचा साखरपुडा तोंडावर आलाय. तिच्या होणाऱ्या सासरी कळलं तर?"

झाकली मूठ सव्वा लाखाची! त्यांनी पोराला आतल्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. आतून तो हाका मारत राहिला आणि बाहेर आई तांदूळ निवडत बसली. मजल्यावर आणखी तीन दारं होती, पण एकाही दारात जाऊन हे सांगता येईल असं तिला वाटेना. एवढ्या भरल्या इमारतीत ती बाई अगदी एकटी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाका थांबल्या. दार उघडलं तर कौस्तुभचं अंग भाजत होतं आणि त्याला आचके येत होते.

"याने काही घेतलं होतं का?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. "खरं सांगा, उपचार त्यावर ठरतात."

"नाही हो. ऊन लागलं," सदानंद म्हणाले.

सुनंदाबाईंच्या ओठांवर आलेला शब्द तिथेच विरला. संध्याकाळी कौस्तुभ गेला.

रक्ताच्या तपासणीत सगळं उघड झालं. डॉक्टर रागावले नाहीत, हे जास्त लागलं. "एमडी बाळगणं, विकणं, घेणं गुन्हाच आहे," ते म्हणाले. "पण व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात आला आणि त्याने उपचार पुरे केले, तर जवळच्या थोड्याशा मालासाठी कायदा त्याच्यावर खटला चालवत नाही. तो यायला तयार होता ना?"

घरी आल्यावर सदानंद मुलीला सोसायटीच्या ग्रुपसाठी मजकूर सांगू लागले. "चिरंजीव कौस्तुभ याचे अल्पशा आजाराने..."

हा आजार आपल्याकडे फार सोयीचा आहे. त्याला लक्षणं नाहीत, औषध नाही, आणि तरणीताठी पोरं त्याने धडाधड जातात.

"ते खोड," सुनंदाबाई म्हणाल्या. "लिही, एमडीने गेला. दवाखान्यात ने म्हणत होता, आम्ही नेलं नाही."

"अगं, हिच्या लग्नाचं काय?"

स्वप्ना लिहीत होती. "बाबा, ज्यांना हे वाचून मी नकोशी होईन, त्यांच्या घरी मी जाऊन तरी काय करू?" तिने मजकूर पाठवून दिला.

ग्रुपवर कुणी हात जोडले नाहीत. सासरचा फोन आला नाही. भेटायला येणारी माणसंही जिन्यातूनच परतली असावीत. सुनंदाबाई उघड्या दाराशी बसून राहिल्या. खरं बोलूनही त्यांचं एकटेपण सुटलं नव्हतं.

दोन दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरची रोझलीन आली. अर्नाळ्याची बाई, एरवी जिन्यात उभी राहून तासभर बोलणारी. आज ती आत येऊन बसलीही नाही.

"ताय, आमचा नेल्सन जेवत नाय, झोपत नाय. दात खातो नुसता. तुमच्या पोराचं पन असंच होतं काय?"

सुनंदाबाईंनी मानेने हो म्हटलं.

"कोनाला सांगू? पोलीस नेतील ना त्याला?"

"आम्हीही पोलिसांनाच भ्यालो होतो." सुनंदाबाई उठल्या. सुतकातल्या बाईने कुठे जायचं नसतं, असं आतून सदानंद म्हणाले. सुनंदाबाईंनी ऐकून घेतलं आणि पायात चपला सरकवल्या.

"चल, त्याला घेऊन ये खाली. डॉक्टर विचारतील तेव्हा तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही, तर मी सांगीन."