चाखणं म्हणजे खाणं नव्हे

घरात मला कर्णा म्हणतात. नाव ठेवलं आत्याने, कारण मी वरच्या मजल्यावर कुजबुजले तरी खाली तिच्या बेकरीतली गिऱ्हाइकं मान वर करून बघतात. आधी मी यावर रुसायचे. नववीत गेल्यावर विचार केला, देवाने आवाज दिलाय तर तो काय कपाटात घडी करून ठेवायचा? तेव्हापासून मी मोकळी सुटले.

आत्या म्हणजे केकवरच्या गुलाबांची राणी. आयसिंगचा कोन हातात घेतला की पाकळीवर पाकळी अशी बसायची, की लोक केक कापायला कचरायचे. पण संधिवाताने तिची बोटं धरली. सकाळी उठली की बोटं फुगलेल्या पावासारखी आणि मूठ काही मिटायची नाही. गुलाबांचे कोबी झाले. माझा कान पिरगळण्याचा तिचा आवडता कार्यक्रमही बंद पडला. धरायला यायची आणि कान निसटायचा. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल दिली होती. बजावलं होतं, "हळू लागू पडतं, धीर धरा. सकाळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढे तासभर खाणं नाही, दूध नाही, दुसरं कुठलंही औषध नाही. रक्ताची-लघवीची तपासणी चुकवायची नाही. आणि मनाने बंद करायची नाही."

महिने गेले, पण बोटं जिथल्या तिथे. एक दिवस आत्याने कोन आपटला. "गुरुवारी शेवटचं दाखवते. मग कॅप्सुला कचऱ्यात आणि केकवर प्लॅस्टिकची फुलं!"

प्लॅस्टिकची फुलं! आत्याच्या तोंडून! ही कॅप्सूल घेते तरी कशी, ते बघायचंच असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पहाटेच खाली उतरून मी पिठाच्या पिंपावर ठाण मांडलं. बाबा भट्टीतून पावाचे ट्रे ओढत होते. आत्याने कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली, अगदी शहाण्या मुलीसारखी. मग ॲप्रनच्या खिशातून चमचा काढला, क्रीमच्या पातेल्यात बुडवला आणि तोंडात घातला.

"खाल्लंस!" मी ओरडले. बाबांच्या हातून ट्रे निसटता निसटता राहिला.

"कोणी?" आत्याने आजूबाजूला पाहिलं.

"तू! आत्ता! क्रीम!"

"अगं, चाखलं. खाल्लं कुठे?"

"फरक काय?"

"ऐका हिचं!" बाबा म्हणाले. "खायचं असतं बसून. हे उभ्याने चाललंय. आजोबा काय म्हणायचे? चाखलेलं पोटात जात नाही, डोक्यात जातं." हे सांगताना त्यांच्या गालात बिस्किट होतं आणि डॉक्टरांनी त्यांना गोड बंद केलेलं होतं.

"मग बाबा, तुमचं डोकं हल्ली पट्ट्यात का मावत नाही?"

आत्या फिस्सकन हसली आणि हसता हसता कस्टर्ड चाखून मोकळी झाली.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. आमचं अख्खं घराणं या एका वाक्यावर पिढ्यान्‌पिढ्या चाखत आलंय. मी मोठं वाडगं घेतलं. आत्या जे चाखेल, तेवढंच मी त्यात टाकायला लागले. क्रीम, कस्टर्ड, केकचं कच्चं पीठ. बिस्किट, भाजलंय का बघायला. पुन्हा बिस्किट, खरंच भाजलंय का बघायला. लोणी, "कालच्यासारखंच आहे ना" म्हणून. मग ढेकर आली, तशी तिने फळीवरच्या डबीतून आम्लपित्ताची गोळी काढून चघळली.

"आत्या, दुसरं औषध नाही घ्यायचं!"

"हे कसलं औषध? हा तर खडू!"

एक खडू मी वाडग्यात, सगळ्याच्या वर, चेरीसारखा ठेवला.

तास संपला. आत्याने हात पुसले. "चला, आता मी नाश्ता करते."

मी वाडगं पुढे सरकवलं. "हा घे. झालेला."

वाडगं काठोकाठ भरलेलं होतं. बाबा वाकून बघत म्हणाले, "ताई, एवढं तर मी माझ्या लग्नातसुद्धा जेवलो नव्हतो."

"माझं माप काढतेस, गधडे?" आत्या कानाकडे झेपावली. बोटं आली, कान निसटला. मग ती माझ्या शेजारी पिंपावर टेकली. "इतके महिने मी औषध पाण्यात घातलं ना गं?"

"पाण्यात घातलं असतंस तर बरं होतं. क्रीममध्ये घातलंस."

गुरुवारी ती मला आणि वाडगं घेऊनच दवाखान्यात गेली. टेबलावर लघवीची बाटली आणि तिच्याशेजारी वाडगं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "यातलं तपासायचं कुठलं?"

मी सगळं सांगितलं. बाहेरच्या बाकावरच्यांनाही कळलं असावं.

"अहो, आज मी डोस वाढवायचा विचार करत होते!" बाई म्हणाल्या. "पोटात खाणं, दूध, ती गोळी असली की हे औषध अंगात नीट जातच नाही. डोस आहे तोच ठेवू. आता ते पुरतं अंगात जाईल, म्हणून तपासण्या काटेकोर करायच्या. अंगावर पुरळ, ताप, घशाला दुखणं, काळेनिळे डाग, काहीही दिसलं तर लगेच कळवायचं. आणि हो, कधी कधी चव मंदावते."

आत्या उभीच राहिली. "चव? बाई, बोटं देताय की जीभ घेताय?"

"बहुतेकांची परत येते. पण लपवू नका आणि घाबरून बंद करू नका. मला विचारा."

तेव्हापासून आमच्याकडे नवी व्यवस्था आहे. आत्या डोळे उघडताच वरच्या मजल्यावर कॅप्सूल घेते. खडूची वेळ बाईंनीच दूर, दुपारी नेऊन ठेवली. आणि त्या तासाभरासाठी चमचा माझ्या ताब्यात! बाबा म्हणाले, "मीही चाखतो की." मी म्हटलं, "तुमचं डोकं भरलंय." शाळेत जायच्या आधी मी चाखते आणि निकाल जाहीर करते. "कस्टर्ड पांचट!" रांगेतली गिऱ्हाइकं आता कस्टर्ड मागण्याआधी माझ्याकडे बघतात.

चव थोडी मंदावली, तेव्हा आत्याने निमूट बाईंना फोन केला. तपासण्या चालू राहिल्या. बोटांची सूज हळूहळू, अगदी आळशी मांजरासारखी उठून निघाली. कोबीचे कांदे झाले, कांद्यांच्या कळ्या झाल्या.

परवा रांग दारापर्यंत होती. मी चमचा उंच धरून सांगितलं, "क्रीम झकास! गुलाब मात्र डावीकडचा अजून जरा कोबीच!"

आत्या आली, कान धरला आणि असा पिरगळला, की माझे डोळे पाण्याने भरले.

"आई गं!"

मग आम्ही दोघीही थांबलो. आत्या आपल्या बोटांकडे बघत राहिली. ती माझ्या कानाभोवती घट्ट मिटलेली होती.

"निसटला नाही गं," ती हळूच म्हणाली.

"एकदाच झालं असेल. खात्री करून घे," म्हणत मी दुसरा कान पुढे केला.