झाकणावरचा चेहरा

"नाव तिचं खरं लिहा, ताई. खारूताई नको. शाळेत पोरं चिडवतात तिला," ती म्हणाली, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती म्हणजे माझ्या मेहुण्याची दुसरी बायको. पहिली माझी धाकटी बहीण. बहीण गेली तेव्हा तिची लेक जेमतेम तीन वर्षांची होती, आता आठवं लागेल. खारूताई हे नाव बहिणीनंच ठेवलेलं, कारण पोरगी मिळेल ते गालात कोंबून घरभर पळायची. आणि ही कालची आलेली बाई माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून मला सांगणार की ते नाव नको! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

मी लाकडी पेट्या रंगवते. मुलांना वाढदिवसाला द्यायच्या, आपापल्या जपून ठेवायच्या वस्तू ठेवायला. झाकणावर मुलाचं नाव आणि त्याच्या आवडीचं चित्र. हिला तशीच पेटी हवी होती, पोरीच्या वाढदिवसासाठी.

"चित्र काय हवंय म्हणे?"

"देवमासा. हल्ली तिला देवमाशांचं वेड लागलंय."

"तिला पोपट आवडतात."

"आवडायचे. लहान होती तेव्हा."

"मला शिकवू नकोस. जन्मल्यापासून ओळखते मी तिला."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "पेटी तिच्यासाठी आहे, ताई. आपल्या दोघींसाठी नाही." आणि गेली. हातातला ब्रश फेकून मारावा असं वाटलं मला.

खरं तर मी धास्तावले होते. मागच्याच महिन्यात पाहिलं होतं, त्यांच्या बैठकीतला बहिणीचा फोटो उतरवलेला. भिंतीवर नुसता खिळा. आता नावही जाणार. उद्या कुणी पोरीला विचारलं, तुझी आई कोण, तर ती या बाईकडे बोट दाखवणार. माझ्या बहिणीला त्या घरातून झाडून-पुसून काढायचं चाललं होतं आणि मेहुणा मूग गिळून बसला होता. म्हटलं, थांब बाई. असं काही काढते की पेटी समोर आली की रोज तिचं तोंड बघावं लागेल तुला.

आमच्या धंद्यात पेटीवर चेहरा काढत नाहीत. माणूस हवाच असेल तर पाठमोरा, नाहीतर छत्रीखाली. मला काम शिकवणारे काका म्हणायचे, फूल चुकलं तर दुसरं फूल होतं, चेहरा चुकला तर दुसरा माणूस होतो. काकांना मी मनातल्या मनात गप्प बसवलं. पेटी पॉलिश पेपरनं घासली, प्रायमर लावला, पिवळ्या रंगाचे दोन हात दिले आणि झाकणाच्या मधोमध बहिणीचा चेहरा काढायला घेतला. फोटो समोर ठेवला नाही. माझ्या पाठची ती, एका पांघरुणात वाढलो आम्ही, मला फोटो कशाला? खाली ठसठशीत लिहिलं, खारूताई. चारी कडांनी पोपट. देवमासा गेला खड्ड्यात. वॉर्निश चढवलं, वाळू दिलं आणि रविवारी पेटी घेऊन त्यांच्या घरी गेले. तशीही मी दर रविवारी जातेच.

मेहुणा बाहेर गेला होता. पोरीनं कागद टराटरा फाडला आणि झाकणाकडे बघत राहिली. मी तिच्याकडे नाही, त्या बाईकडे बघत होते. तिच्या नाकाला झोंबलेल्या मिरच्या मला बघायच्या होत्या.

"मावशी, तू स्वतःचंच चित्र का काढलंस?" पोरगी म्हणाली.

"माझं? अगं, ही तुझी आई!"

"नाही गं. ही तूच आहेस."

मग माझा तोल गेला. "बघ! काय करून ठेवलंस ते बघ!" मी त्या बाईवर ओरडले. "फोटो काढून टाकलास, आता पोरीला आईचा चेहरा ओळखू येत नाही! हेच हवं होतं ना तुला? कैदाशीण कुठली!"

तिनं हातातला कप टेबलावर आपटला. पोरगी मात्र आत पळाली आणि फोटोची फ्रेम छातीशी धरून आली. बैठकीतलाच फोटो.

"माझ्या पलंगाजवळ असतो. मीच मागून घेतला," ती म्हणाली. "मी रोज बघते. हे बघ, आईच्या हनुवटीला खळी आहे. तू काढलीच नाहीस."

मी फ्रेम हातात घेतली. खळी होती. डोळे बारीक, भुवया विरळ, एक दात दुसऱ्यावर चढलेला. झाकणावरच्या बाईचे डोळे चांगले टपोरे, भुवया दाट. त्या भुवया मला रोज सकाळी आरशात दिसतात. पोरगी काही विसरली नव्हती. माझ्या बहिणीचा चेहरा मीच विसरले होते. मी तिथेच खाली बसले.

"चेहरा माहितेय तिला," ती बाई म्हणाली. आवाज कडकच होता. "बाकीचं हवंय. आवाज कसा होता, कशाला हसायची, रागावली की काय म्हणायची. रोज मला विचारते. मी कुठून सांगू? मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही. यांच्यापुढे विषय काढला की हे उठून जातात. म्हणून पेटीचं काम तुमच्याकडे दिलं. वाटलं, त्या निमित्तानं तरी बोलाल. तुम्ही दर रविवारी येता, ताई, आणि जाईपर्यंत माझ्या चुका काढता."

"हो," पोरगी म्हणाली. "मावशी आईचं काही सांगतच नाही."

कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, तसंच मिटलं.

"तिला गाता यायचं नाही," मी म्हणाले. "पण गायची. भांडी घासताना, मोठमोठ्यांदा, अगदी बेसूर. शेजारचे भिंतीवर थापा मारायचे. मग ही आणखी मोठ्यांदा गायची."

पोरगी खुदकन हसली आणि मला येऊन चिकटली. "कुठलं गाणं? म्हणून दाखव ना."

ती बाई कप उचलून आत निघाली. मला ती आवडत नाही. आजही नाही, लिहून देते. पण मी येणार आठवड्यातून एकदाच.

"कुठे चाललीस?" मी खेकसले. "बस इथे आणि नीट कान देऊन ऐक. रात्री ही तुलाच विचारणार आहे."